गच्चीवरचं टँक इंजिन आणि बार्शी लाइटचे पाच टन

लेथवाला (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी.

आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर एक जुना लेथ घरी आणला आणि गेल्या दिवाळीपासून एकच काम धरलंय. कुर्डुवाडी-बार्शीच्या छोट्या गाडीचं, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचं पहिलं इंजिन, ‘ए’ क्लास, एकास दहा मापात, पितळेत. बार्शी लाइटचा गेज (दोन रुळांतलं अंतर) अडीच फूट, म्हणजे तीस इंच. गच्चीवर अंथरलेल्या माझ्या रुळांत तो बरोबर तीन इंच होतो. आत बॉयलर नाही, बॅटरीवरची मोटर आहे. पण दोन्ही बाजूंच्या टाक्या मात्र खऱ्या केल्यात, त्यात पाणी भरून गाडी चालवायची असं पहिल्यापासून ठरवलं होतं. माझी अडचण त्या पाण्याचीच आहे. ती शेवटी सांगतो, कारण आधीचं सांगितल्याशिवाय ती कळणार नाही.

टँक इंजिन म्हणजे मोठ्या इंजिनाचं पिल्लू, असं मला वाटायचं. ड्रॉइंग करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की त्याचा विचार मुळात वेगळ्या टोकाकडून सुरू होतो. मेलच्या इंजिनामागे टेंडर असतो, कोळसा आणि पाणी त्यात. लांब पल्ल्याला तो हवाच. पण दहा-वीस मैल जाऊन परत फिरणाऱ्या लोकलला टेंडर म्हणजे फुकट ओढायचं ओझं. शिवाय टेंडरवालं इंजिन उलटं चालवलं की ड्रायव्हरला वाट नीट दिसत नाही आणि कोळशाची भुकटी डोळ्यांत जाते. म्हणून दोन्ही टोकांना टर्नटेबल लागतं, आणि दर फेरीला इंजिन फिरवण्यात वेळ जातो. टँक इंजिनात पाणी इंजिनाच्याच अंगावर, कोळसा केबिनमागच्या बंकरमध्ये. पुढे-मागे सारखंच पळतं. पाण्याचा भार चालत्या चाकांवर पडतो (म्हणजे गाडी ओढणाऱ्या चाकांवर), त्यामुळे चाकं रूळ धरून राहतात.

मग टाकी ठेवायची कुठे? सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१८२९ साली इंग्लंडात रेनहिलच्या इंजिनांच्या शर्यतीत स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’समोर ब्रेथवेट आणि एरिक्सन यांचं ‘नॉव्हेल्टी’ उतरलं होतं. त्याची टाकी चाकांच्या मधे, सांगाड्याखाली होती. वजन खाली राहिलं की इंजिन डुलत नाही. हीच कल्पना पुढे लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेच्या बीटी यांनी लोकलसाठी वापरली. १८६३ ते १८७५ या काळात अशी ८५ इंजिनं झाली. लंडनच्या उपनगरांतून ती लवकरच हटली, पण त्यातली तीन कॉर्नवॉलमधल्या वेनफर्ड ब्रिजच्या वळणावळणाच्या फाट्यावर १९६२पर्यंत कामाला होती. तिथली वळणं दुसऱ्या इंजिनांना झेपतच नव्हती.

दुसरा उपाय म्हणजे बॉयलरवर खोगिरासारखी टाकी. आपल्याकडे बोरघाटासाठी १८६२ पासून आलेली जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) इंजिनं अशीच होती. उतारावर थांबवायला त्यांना रुळावर दाबून बसणारे ब्रेक होते. खोगीर टाकीत पाणी पुष्कळ मावतं आणि सगळा भार चाकांवर येतो, पण वजन उंच जातं आणि ड्रायव्हरची समोरची नजर अडते. इंग्लंडातल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तीच टाकी दुभागून बैलाच्या पाठीवरच्या गोणीसारखी दोन्ही अंगांना लटकवली. त्यांच्या बॉयलरची भट्टी माथ्याला चौकोनी असे, तिच्यावर खोगीर नीट बसत नव्हतं. टाकीच्या खालून हात घालून यंत्राला तेल देता येई हा वर फायदा. त्यातल्या एकाच वर्गाची, ५७०० ची, १९२९ ते १९५० दरम्यान ८६३ इंजिनं निघाली.

आणि तिसरी, मला सगळ्यात प्रिय, बॉयलरच्या दोन्ही कुशींना उभ्या पेट्या. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेसाठी १८६४ मध्ये बेयर पीकॉकने केलेली इंजिनं अशी होती. गाडी जमिनीखालून जायची, म्हणून सिलिंडरमधून निघालेली वाफ बोगद्यात न सोडता नळाने याच टाक्यांतल्या पाण्यात जिरवत. पाणी अर्थातच तापायचं. तापल्या पाण्यात वाफ जिरत नाही, त्यामुळे ते टाकून थंड पाणी भरावं लागे. एका पेटीकडून दोन कामं, आणि दुसरं काम पहिल्याच्या मुळावर येणारं!

याच घराण्यातलं ‘टेरियर’. विल्यम स्ट्राउडली यांनी १८७२ मध्ये ब्रायटनला ते केलं. सहा चाकं, वजन सुमारे २४ टन, चाकाचा व्यास चार फूट. लंडनच्या दक्षिण भागातल्या, जिथे स्टेशनं जवळजवळ आणि रूळ हलके, अशा लोकलसाठी. १८८०पर्यंत ५० झाली. केबिनमध्ये ड्रायव्हरचं नाव रंगवलेलं असायचं. एक इंजिन, एक ड्रायव्हर. आपलं नाव असलेलं इंजिन माणूस कसं राखत असेल, हे ज्याने कधी स्वतःचा लेथ पुसलाय त्याला सांगावं लागणार नाही. हेलिंग बेटाच्या फाट्यावर एक अशक्त लाकडी पूल होता, म्हणून तिथे टेरियर १९६३पर्यंत चालली.

आता आपलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा माणूस १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला. बार्शीला गाडी नव्हती. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, १८५९ पासून मुख्य मार्गावर होती, पण तिथून बार्शी २१ मैल, बैलगाडीने. कॅलथ्रॉपने नोकरी सोडली, १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू केली. त्याने आधी इंजिन आखून मग रूळ निवडले नाहीत. त्याने एक आकडा धरला: कुठल्याही एक्सलवर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार नको. इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो. मग दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, आणि खर्च आवाक्यात आला. लीड्सच्या किटसन कंपनीने त्या आकड्यात बसवून जे इंजिन दिलं ते ०-८-४ चाकांचं, कुशीत टाक्या असलेलं टँक इंजिन. इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ अंथरून त्याने ते लोकांना चालवून दाखवलं होतं.

आता माझी अडचण. टाक्या भरलेल्या असल्या की मॉडेल झकास चालतं. रिकाम्या असल्या तरी चालतं. निम्म्या झाल्या की गच्चीवरच्या सिमेंटच्या पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, नेमकं त्याच जागी, पुढचं चाक चढतं आणि गाडी उतरते. परवा नऊ वेळा उतरली. मी शेजारी पोटावर झोपून, गाल फरशीला लावून बघत होतो. वळण लागलं की आत पाणी डुबुक करून बाहेरच्या बाजूला जातं, आणि क्षणभराने चाकाची कड वर येते. कोणाला काही सुचतंय का?

---

कुर्डुवाडीकर

काका, वाचून अंगावर काटा आला बगा. आमचे आजोबा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते. त्यांच्या तोंडी ‘पाच टन’ हा शब्द इतका असायचा की लहानपणी मला ती शिवीच वाटायची. कुणी भाकरी जास्त वाढली की म्हणायचे, “पाच टनाच्या वर नको.”

गाडीचं कसं ते आजोबा नेहमी सांगायचे. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे. ओतीव नाहीत, जाड गर्डर नाहीत. त्यामुळे वाघीण स्वतः हलकी, आणि वाचलेलं वजन मालात. तूर, कापूस, शेंगा. हे इंजिनाइतकंच महत्त्वाचं आहे, तुमच्या लेखात त्यावर अजून यायला पाहिजे होतं.

उतरण्याबद्दल: कोणत्या बाजूला उतरतं? आतल्या की बाहेरच्या?

---

मृण्मयी (बार्शी)

खूप सुंदर लिहिलंय काका. माझी आजी आषाढीला बार्शीहून याच गाडीने पंढरपूरला जायची. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरपर्यंत गेली, तेव्हापासून आमच्या घरची वारी निम्मी पायी आणि निम्मी गाडीने झाली असं ती म्हणायची. गर्दी इतकी की मालाच्या वाघिणींतही माणसं बसत. आजीला इंजिनाचं फारसं कौतुक नव्हतं, पण एक गोष्ट ती हाताने करून दाखवायची. उन्हातून इंजिन येऊन थांबलं की फायरमन टाकीच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करत वरून खाली यायचा. आवाज पोकळ येत राहिला की वर पाणी नाही. जिथे भरीव झाला तिथे पाण्याची पातळी. आजी पाटावर तशीच टकटक करायची.

मला प्रश्न असा की ०-८-४ म्हणजे नेमकं काय? पुढे शून्य का?

---

लेथवाला

मृण्मयीताई, आजींची ती टकटक मी उद्याच करून बघणार.

पहिला आकडा पुढच्या वाट दाखवणाऱ्या छोट्या चाकांचा, मधला ओढणाऱ्या चाकांचा, शेवटचा मागच्या छोट्या चाकांचा. म्हणजे ‘ए’ क्लासला पुढे छोटी चाकं नाहीत, आठ ओढणारी, आणि मागे चार चाकांची बोगी. एकूण सहा एक्सल. प्रत्येकी पाच टन म्हटलं की सगळं इंजिन फार तर तीस टन. आठ चाकं का? ओढायला वजन हवं आणि एका एक्सलवर पाचच टन टाकायची मुभा. मग एक्सल वाढवा. चार ओढणारे एक्सल म्हणजे रुळाला धरणारं वजन वीस टन. मागची बोगी भट्टी, केबिन आणि बंकरचा भार उचलते, आणि इंजिन उलटं चालतं तेव्हा तीच पुढे होऊन वाट दाखवते. टर्नटेबल नको म्हटल्यावर मागे-पुढे दोन्हीकडे नीट चालणं आलंच.

कुर्डुवाडीकर, वाघिणींचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी इंजिनाच्या नादात राहिलो. चाक चढतं ते बाहेरच्या बाजूचं.

---

हिशेबनीस

लेखातलं ‘पाण्याचा भार चालत्या चाकांवर पडतो’ हे वाक्य थोडं पुढे न्यायला हवं. पाणी संपत जातं ना. २२४ गॅलन पाणी म्हणजे बरोबर एक टन. समजा निघताना चालत्या चाकांवर वीस टन आहेत आणि वाटेत दोन टन पाणी वाफ होऊन गेलं. धरून ठेवणारं वजन दहा टक्क्यांनी घटलं. कोरड्या रुळावर चाक साधारण आपल्यावरच्या भाराच्या चौथ्या हिश्शाइतकी ओढ देतं, म्हणजे पाच टनांची ओढ साडेचारांवर आली. ओलसर रुळावर त्याहूनही खाली. चढ शेवटी असेल तर नेमक्या त्याच वेळी इंजिन घसरणार. टेंडर इंजिनाला ही भानगड नाही, त्याचं पाणी संपो न संपो, ओढणाऱ्या चाकांवरचा भार तोच.

म्हणून टँक इंजिन लोकललाच शोभतं. दर थोड्या मैलांवर पाणी घेता येतं, तिथे पातळी फार खाली जाऊच देत नाहीत.

---

शेंगाचटणी

+१. वाचतोय. फोटो टाका काका.

---

परदेशस्थ_सोलापूरकर

लेख आवडला, पण कॅलथ्रॉपला जरा जास्तच माप दिलंय असं वाटतं. पाच टनांचं सूत्र बार्शीपुरतं ठीक. मार्ग १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचला, एकूण २०२ मैल झाला, तेव्हा कंपनीनेच २-८-२ ची टेंडर इंजिनं घेतली. म्हणजे टँक इंजिन अपुरं पडलंच ना?

---

लेथवाला

पडलं, आणि पडणारच होतं. २१ मैलांसाठी केलेलं इंजिन २०२ मैलांना का पुरावं? हिशेबनीसांनी वर जे लिहिलंय तेच त्याचं कारण. लांब पल्ल्यात पाणी आणि कोळसा दोन्ही जास्त लागतं, ते अंगावर घेतलं की एक्सलवर पाच टनांचं बंधन तुटतं. टेंडर घेतला की ते ओझं वेगळ्या एक्सलांवर जातं आणि बंधन शाबूत राहतं. इंजिन बदललं, आकडा राहिला. माझ्या दृष्टीने हीच कॅलथ्रॉपची खरी कमाई.

हे सूत्र त्याने इंग्लंडलाही नेलं. लीक अँड मॅनिफोल्ड म्हणून डोंगराळ भागातली अडीच फुटी गाडी १९०४ मध्ये सुरू झाली. तिथेही किटसनचीच टँक इंजिनं, २-६-४. ब्रिटनमध्ये या चाकांचं हे पहिलं इंजिन. फोटो बघितलात तर समोर आपल्याकडच्यासारखा भलामोठा दिवा दिसतो. बार्शीचं रूप तिकडच्या धुक्यात गेलं. ती गाडी १९३४ मध्ये बंद झाली. आपली त्यानंतर किती वर्षं चालली ते सगळ्यांना माहीत आहे.

पुढे हाच माणूस विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला आणि ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट केलं. वजन, भार, पडणं, तोलणं. विषय एकच होता असं मला वाटतं.

---

मेकॅनिकल८९ (मूळ सोलापूर, सध्या पुणे)

काका, तुमची अडचण वाचल्याबरोबर मला २४ ऑगस्ट १९२७ आठवला. इंग्लंडात सेव्हनओक्स इथे सदर्न रेल्वेची गाडी रुळावरून उतरली, १३ माणसं गेली. इंजिन होतं ‘रिव्हर क्रे’, २-६-४ टँक. तोवर ती जलद गाड्यांना लावायला लागले होते. संशय लगेच टाक्यांवर गेला: अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी इकडून तिकडे हेलकावे खातं आणि इंजिनाच्या डुलण्याला झोका देतं. तुमच्या गच्चीवर जे होतंय तेच.

टाकीत आडव्या पट्ट्या बसवल्यात का? भोकं पाडलेल्या. पाणी खाली वाहायला जागा राहते पण एकदम सगळं धावत नाही. पाण्याच्या टँकरला आत असतात तशा.

आणि दोन्ही टाक्यांना जोडणारा नळ केवढा ठेवलाय? पातळी सारखी ठेवायला तो हवाच, पण फार मोठा असेल तर वळणावर आतल्या टाकीतलं पाणी बाहेरच्या टाकीत जाणार.

---

लेथवाला

पट्ट्या नाहीत. नळ बारा मिलिमीटरचा टाकलाय, कारण घरात तेवढाच तुकडा होता. एका टाकीत पाऊण लिटर बसतं. एकास दहा मापात आकारमान हजारपट, म्हणजे खऱ्या इंजिनात पाऊण टन पाणी. एवढं वजन एका कुशीतून दुसऱ्या कुशीत गेल्यावर काय होणार! लिहिताना आत्ता कळतंय.

उद्या टाकीचं झाकण उघडतो.

---

स्नेहल_जे

एक शंका. मुंबईच्या लोकलला हीच इंजिनं असती तर चाललं नसतं का? वीज कशाला आणली?

---

मेकॅनिकल८९

वाफेवरची लोकल सुटायला वेळ लावते हे मुख्य कारण. जवळजवळ स्टेशनं असली की सगळा खेळ वेग किती लवकर घेता याचा. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी-कुर्ला विजेवर गेली.

पण वाफेवाले सहजासहजी हरले नाहीत. लंडनच्या ग्रेट ईस्टर्न रेल्वेपुढे विजेच्या गाड्यांची स्पर्धा उभी राहण्याची चिन्हं होती. तेव्हा जेम्स होल्डन यांनी १९०२ मध्ये ‘डेकापॉड’ काढलं. दहा ओढणारी चाकं, तीन सिलिंडर, राक्षसी टँक इंजिन. अट घातली होती: सुमारे ३०० टनांची गाडी घेऊन थांबल्या जागेवरून ३० सेकंदांत ताशी ३० मैल. त्याने ते करून दाखवलं! आणि तरीही ते लोकलला कधी लागलं नाही, कारण त्याच्यासाठी पूल आणि रूळ बळकट करायचा खर्च कंपनीला परवडेना. १९०६ मध्ये त्याचं साधं टेंडर इंजिन करून टाकलं.

गंमत पुढे आहे. त्याच कंपनीने १९२० मध्ये लहान टँक इंजिनांवरच लिव्हरपूल स्ट्रीटहून तासाला २४ लोकल काढल्या. युक्ती इंजिनात नव्हती, स्टेशनात होती. गाडी आत आली की तिचं इंजिन रुळाच्या बंद टोकाला, बफरकडे अडकतं, म्हणून प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला ताजं इंजिन एका खाचेत तयार उभं. ते येऊन जोडलं की चार मिनिटांत गाडी बाहेर. डब्यांच्या माथ्याजवळ वर्गाप्रमाणे रंगीत पट्टे, म्हणजे लोक धावत डबा शोधणार नाहीत.

---

कुर्डुवाडीकर

डेकापॉडचं ऐकून आजोबांची आठवण आली. ते म्हणायचे, इंजिन कितीही मोठं करा, शेवटी ते दोन लोखंडी पट्ट्यांवर उभं असतंय.

म्हणून काका, एक सांगतो. राग मानू नका. मेकॅनिकलभाऊंनी सेव्हनओक्सचं सांगितलं ते खरं, पण अर्धंच सांगितलं. त्या अपघातानंतर तशीच इंजिनं दुसऱ्या कंपनीच्या चांगल्या रुळावर पळवून बघितली, तिथे ती सुतासारखी सरळ गेली. त्यांच्या स्वतःच्या मार्गावर मात्र भयंकर डुलली. म्हणजे टाकीइतकाच दोष खालच्या रुळाचा. भीतीपोटी सगळ्या इंजिनांच्या टाक्या काढून त्यांना टेंडर लावले, पण रूळही दुरुस्त करावेच लागले.

तुमची गाडी नऊच्या नऊ वेळा एकाच जागी उतरली म्हणता. पाणी तर प्रत्येक वळणावर हलत असणार. मग तीच जागा का?

---

हिशेबनीस

अगदी योग्य प्रश्न.

---

लेथवाला

कुर्डुवाडीकर, राग कसला. तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि झोप लागली नाही. पहाटे पाचला, ऊन वर यायच्या आत, गच्चीवर गेलो.

पाणसळ घेऊन वळणाच्या दोन्ही रुळांवर वीतभर-वीतभर सरकवत गेलो. बुडबुडा सगळीकडे मधे. पाण्याच्या टाकीजवळच्या सांध्यावर मात्र बाहेरच्या बाजूचा रूळ दबलेला. डोळ्याला दिसत नव्हतं. फीलर गेज (फट मोजायची पाती) घातला, पाऊण मिलिमीटर. एकास दहाच्या मापात साडेसात मिलिमीटरचा खड्डा, तोही सांध्यावर, तोही वळणात. रुळाखालची लाकडी पट्टी पाहिली तर ओल धरून फुगली आणि नंतर वाळून आक्रसली होती. सिमेंटच्या टाकीचं पाणी रोज तिथेच झिरपतं.

म्हणजे असं होत होतं: चाक खड्ड्यात बाहेरच्या अंगाला झुकायचं, त्याच क्षणी पाणी बारा मिलिमीटरच्या नळातून बाहेरच्या टाकीत धावायचं, सांधा ओलांडताना इंजिन परत उसळायचं आणि आतल्या बाजूने हलकं झालेलं इंजिन बाहेरच्या चाकाची कड रुळावर चढवायचं. टाकी भरलेली असली की पाण्याला हलायला जागा नाही. रिकामी असली की हलायला पाणीच नाही. निम्म्यावरच दोघांची गाठ पडायची.

आता केलेलं काम. फुगलेली पट्टी काढून सागवानी घातली आणि खाली पत्र्याची चिप देऊन पातळी आणली. नळ बाराचा काढून चारचा लावला. प्रत्येक टाकीत तीन आडव्या पट्ट्या, अर्ध्या मिलिमीटर पितळी पत्र्याच्या, तळाशी दोन-दोन भोकं. डाग देताना एक पट्टी वाकली, ती पुन्हा केली.

मुद्दाम एकेक करून बघितलं. फक्त पट्ट्या बसवून, रूळ तसाच ठेवून चालवलं तर दहापैकी तीनदा उतरली. पट्ट्या काढून, फक्त रूळ नीट करून चालवलं तर एकदा. दोन्ही केल्यावर निम्म्या टाकीने सकाळी अकरा फेऱ्या झाल्या, एकदाही नाही.

मृण्मयीताई, टकटक जमली. माझ्या टाकीत पातळी साडेतीन सेंटिमीटरवर आहे, ती मी झाकण न उघडता पेराने ओळखली आणि मग पट्टी घालून मोजली. चार मिलिमीटर चुकलो.

---

मृण्मयी (बार्शी)

काका, हे आईला वाचून दाखवलं. तिने लगेच उठून पाण्याच्या पिंपावर टकटक करून बघितली.

---

परदेशस्थ_सोलापूरकर

माझं वरचं वाक्य मी मागे घेतो. रूळ आणि इंजिन एकाच कागदावर आखायचे, हे १८९५ मध्ये या माणसाला सुचलं होतं, आणि डेकापॉडवाल्यांना १९०२ मध्येही सुचलं नाही. हे मोठं आहे.

---

कुर्डुवाडीकर

काका, १९५४ मध्ये बार्शी लाइट सरकारकडे गेली तेव्हाचा आजोबांचा एक पितळी बिल्ला घरात आहे, आणि त्यांचा गेज तपासायचा लोखंडी गजही. गज बरोबर अडीच फुटांचा. रविवारी सोलापूरला येतोय. तुमच्या तीन इंचाच्या रुळाशेजारी तो ठेवून एक फोटो काढायचा आहे. चालेल का?

---

लेथवाला

या की. सकाळी सातच्या आत या, नंतर गच्ची तापते. गज पुसू नका, आहे तसाच आणा.